वेटलिफ्टिंगमधून शाळेतलं रसायनशास्त्र: कुठे जमतं, कुठे फसतं

निवळी

आठवी ते दहावीच्या रसायनशास्त्राला वेटलिफ्टिंगची जोड कशी देता येईल, यावर चर्चा करायला हा धागा. माझं मत आधीच सांगून टाकतो. बारबेल वर्गात दोन तऱ्हांनी येते. एक, चित्र म्हणून: "समीकरण संतुलित करणं म्हणजे बारच्या दोन्ही टोकांना सारखं वजन." दोन, वस्तू म्हणून: हाताला चोळायची पांढरी पावडर, बारवर चढणारा गंज, स्नायूत खर्च होणारी ऊर्जा. पहिली तऱ्हा दहा मिनिटांत संपते आणि नंतर नडते. दुसरीत महिनाभर पुरेल इतकं खरं रसायन आहे.

तरी पहिलीपासून सुरुवात करू. मर्यादी अभिक्रियाकारक (जो आधी संपतो आणि अभिक्रिया थांबवतो तो पदार्थ) शिकवायला बार उत्तम. स्पर्धेतला पुरुषांचा बार २० किलोचा, लाल प्लेट २५ किलोची, कॉलर (प्लेट्स घसरू नयेत म्हणून टोकांना लावायची कडी) प्रत्येकी २.५ किलोची. एक पूर्ण संच म्हणजे:

१ बार + २ लाल प्लेट्स + २ कॉलर → १ संच (२० + ५० + ५ = ७५ किलो)

आता मुलांना द्या ५ बार, ८ लाल प्लेट्स, १४ कॉलर. किती संच होतील? कॉलर सर्वात जास्त, बार सर्वात कमी, म्हणून बरीच मुलं "बार संपतील, ५ संच" म्हणतात. प्रत्यक्षात प्लेट्स आधी संपतात आणि संच होतात ४. संख्येने सर्वात कमी असलेली वस्तू आधी संपेलच असं नाही, समीकरणातला सहगुणक (प्रत्येक वस्तूआधीचा आकडा) बघावा लागतो. हे हातात कार्डं घेऊन केलं की लगेच कळतं. शिवाय वस्तुमान अक्षय्यतेचा पडताळाही मिळतो. आधी १०० + २०० + ३५ = ३३५ किलो. नंतर ४ संचांचे ३००, उरलेला १ बार २०, उरलेल्या ६ कॉलर १५, पुन्हा ३३५.

शंकासुर

हे आवडलं. पण मग समीकरण संतुलित करणं यातून शिकवायला काय हरकत? डावी बाजू, उजवी बाजू, दोन्हीकडे सारखं.

सममोल

हरकत मोठी आहे. बारच्या डावीकडे २५ ची एक प्लेट आणि उजवीकडे २० + ५ लावली तरी वजन तोलतं. स्पर्धेत तसं लावत नाहीत, पण तोल जात नाही. समीकरणात हे चालत नाही. नायट्रोजनच्या रेणूचं वस्तुमान २८, कार्बन मोनॉक्साइडचं २८, एथिलीनचंही २८. बारच्या नियमाने हे तिन्ही एकमेकांच्या समोर "तोलले" गेले. रसायनात प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्वतंत्रपणे मोजायचे असतात, एकूण वजन जुळणं हा त्याचा परिणाम आहे. बारवरून शिकलेलं मूल एकूण बेरीज जुळवायला लागतं.

वापरायचंच असेल तर नियम बदला: रंग जुळला पाहिजे, वजन नाही. डावीकडे लाल तर उजवीकडेही लालच. प्लेट्सचे रंग ठरलेले आहेत (२५ लाल, २० निळी, १५ पिवळी, १० हिरवी, ५ पांढरी), त्यामुळे रंग म्हणजे मूलद्रव्य असं धरता येतं. आणि २५ विरुद्ध २० + ५ चं उदाहरण मुद्दाम दाखवून "हे का चालणार नाही?" विचारा. तिथेच खरा तास होतो.

लिटमस

सममोल यांच्याशी सहमत. आणखी एक भर. रासायनिक समतोल शिकवताना डोक्यावर स्थिर धरलेल्या बारचं चित्र दाखवू नका. तो स्थिर समतोल आहे, काहीच हलत नाही. रासायनिक समतोलात दोन्ही दिशांच्या अभिक्रिया चालूच असतात, फक्त वेग सारखे असतात. ते चित्र एकदा डोक्यात बसलं की अकरावीत उपटून काढताना नाकी नऊ येतात.

निवळी

मान्य. चित्राचा विषय इथेच थांबवू. आता पावडर.

हाताला लावायची पावडर, जिला सगळे "चॉक" म्हणतात, ती फळ्याचा खडू नव्हे. फळ्याचा खडू कॅल्शियम सल्फेटचा किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा. लिफ्टरची पावडर मॅग्नेशियम कार्बोनेटची. पहिल्या तासाला तिन्ही शेजारी ठेवा आणि ओळखायला सांगा:

विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. जो फसफसत नाही तो जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा खडू. उरलेल्या दोन कार्बोनेटांतून निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडला तर दोन्हींनी निवळी दुधाळ होते, म्हणजे त्यावरून फरक कळत नाही. आता आम्ल बदला, विरल सल्फ्युरिक घ्या. मॅग्नेशियमवाली पावडर फसफसत पूर्ण विरघळते. कॅल्शियमवाला खडू जोरात सुरू होतो आणि मंदावत मंदावत थांबतो, कारण कणांवर कमी विद्राव्य कॅल्शियम सल्फेटचा थर बसतो आणि आम्ल आत पोचत नाही. मॅग्नेशियमचं द्रावण गाळून, आटवून सावकाश थंड केलं तर एप्सम सॉल्टचे सुयांसारखे स्फटिक मिळतात. क्षार तयार करणं हा अख्खा पाठ यातच उरकतो.

शंकासुर

वायूचं आकारमान मोजून पावडर किती शुद्ध आहे ते काढता येईल का?

सममोल

येतं, आणि या धाग्यातला सर्वात चांगला प्रयोग तोच. कारण उत्तर अपेक्षेपेक्षा कमी येतं आणि त्यामागे खरं कारण असतं.

बाजारातली पावडर बहुधा साधं मॅग्नेशियम कार्बोनेट नसते, आम्लारीधर्मी कार्बोनेट असते: ४ भाग मॅग्नेशियम कार्बोनेट, १ भाग मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि ५ रेणू पाणी. साध्या कार्बोनेटचं रेणुवस्तुमान ८४.३, या संयुगाचं ४८५.७, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ४ रेणू निघतात.

०.३० ग्रॅम पावडरीसाठी, खोलीच्या तापमानाला १ मोल वायूचे २४ लिटर धरून:
साधं कार्बोनेट असेल तर सुमारे ८५ मिली वायू.
आम्लारीधर्मी असेल तर सुमारे ५९ मिली.

फरक इतका मोठा आहे की शाळेच्या उपकरणांतही दिसतो.

कृती: १०० मिलीचं शंकुपात्र, त्यात १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २० मिली (हे भरपूर जास्त आहे, तसंच हवं). पावडर छोट्या परीक्षानळीत घेऊन ती नळी दोऱ्याने शंकुपात्रात उभी सोडा. एकछिद्री बूच घट्ट लावा, नळीने १०० मिलीच्या गॅस सिरिंजला जोडा. मग पात्र तिरकं करून आम्ल पावडरीवर जाऊ द्या. ०.५० ग्रॅम घेऊ नका. पावडर साधं कार्बोनेट निघाली तर १४० मिलीच्या वर वायू होतो आणि सिरिंजचा दट्ट्या बाहेर उडतो.

काय चुकतं:
पावडर फार हलकी असते, आम्लावर तरंगते आणि गुठळीच्या आत कोरडी राहते. पात्र हलवत राहा, फसफस थांबल्यावरही दोन मिनिटं.
बूच लावायच्या आधी अभिक्रिया सुरू झाली तर पहिले १० ते १५ मिली हवेत जातात. म्हणून ती आतली नळी.
कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, त्यामुळे ५ ते १० मिली सहज कमी भरतात. आधीच आम्लात चिमूटभर पावडर टाकून ते फसफसवून घ्या, मग मोजा. चूक पूर्ण जात नाही, बरीच कमी होते.
पाण्याखाली उलट्या मोजपात्रात वायू गोळा करायचा असेल तर याच कारणाने आकडा आणखी घसरतो.

लिटमस

याचा जोडप्रयोग म्हणजे तापवून वजन. २.०० ग्रॅम पावडर चिनी मातीच्या मुशीत जोरदार ज्योतीवर तापवली की शेवटी मॅग्नेशियम ऑक्साइड उरतं. साधं कार्बोनेट असेल तर ०.९६ ग्रॅम, आम्लारीधर्मी असेल तर ०.८३ ग्रॅम. दोन वेगळ्या रस्त्यांनी एकाच सूत्राकडे पोचता येतं, हे मुलांना फार आवडतं.

फक्त एक अडचण. आधी पांढरी, नंतरही पांढरी. डोळ्यांना काहीच घडलेलं दिसत नाही, मग मुलं पाचव्या मिनिटाला बर्नर बंद करतात. थंड झालेल्या कणभर अवशेषावर आम्लाचा थेंब टाकायला लावा. फसफसलं तर अजून तापवायचं. फिनॉल्फ्थॅलिनने तपासू नका, मूळ पावडरही पाण्यात फिकट गुलाबी रंग देते.

पोलादी

मूस उघडी ठेवून एकदम मोठ्या ज्योतीवर धरली तर बाहेर पडणारी वाफ हलकी पावडर उडवते, आणि वजनातली घट खोटी वाढते. आधी झाकण किंचित कलतं ठेवून मंद आच, मग मोठी. थंड करताना शोषपात्रात (ओल शोषणाऱ्या बंद पात्रात) ठेवा, नाहीतर ऑक्साइड हवेतली ओल धरतं. दोन लागोपाठ वजनांत ०.०१ ग्रॅमपेक्षा कमी फरक येईपर्यंत तापवणं चालू.

आणि लिक्विड चॉक वर्गात आणणार असाल तर ते अल्कोहोलमध्ये कालवलेलं असतं. बर्नर पेटलेल्या टेबलावर ती बाटली नको. अल्कोहोल घालवायचं तर ज्योत नाही, गरम पाण्याचं पात्र.

शंकासुर

पावडरीने पकड वाढते ती नक्की कशाने? रासायनिक अभिक्रिया होते का?

सममोल

मुख्यतः भौतिक. बारीक, सच्छिद्र कण घाम शोषतात. घर्षणावरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, पृष्ठभाग आणि ओल बदलली की आकडे बदलतात. "पावडरीने घर्षण वाढतं" असं सरसकट शिकवू नका. हाच प्रश्न वर्गाला प्रयोगासाठी द्या.

पोलादी

आता गंज. बारवर हाताने धरायच्या भागात जो खरखरीत नक्षीदार पट्टा असतो, नर्लिंग, तिथे गंज सर्वात आधी येतो. खाचांत घाम, पावडर आणि त्वचेचा मळ साचतो, ओल टिकते, घामातलं क्लोराइड तिथेच राहतं. त्यात धार आलेल्या कडांवरचा मुलामा आधी झिजतो.

वर्गात बार कापता येत नाही. लोखंडी खिळे आणि अगरअगर घ्या.

१०० मिली पाण्यात १ ग्रॅम अगर उकळून विरघळवा, २ ग्रॅम मीठ टाका. हात लावता येईल इतकं कोमट झाल्यावर ०.१ ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड आणि १ टक्का फिनॉल्फ्थॅलिनचं १ मिली द्रावण मिसळा. पेट्री डिशमध्ये चार खिळे मांडून वर ओता:
एक सरळ खिळा,
एक मध्ये वाकवलेला,
एकावर जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळलेली,
एकावर तांब्याची तार.

तासाभरात रंग दिसू लागतात, दुसऱ्या दिवशी स्पष्ट होतात. जिथे लोह आयन बनून द्रावणात जातं तिथे निळा. जिथे ऑक्सिजनचं क्षपण होऊन हायड्रॉक्साइड बनतं तिथे गुलाबी. सरळ खिळ्याचं डोकं आणि टोक निळं, मधला भाग गुलाबी. वाकवलेल्याच्या बाकाजवळही निळा, कारण ठोकलेला, ताणलेला धातू आधी झिजतो. जस्तवाल्यावर निळा नाहीच, तांबंवाल्याचं उघडं लोखंड जोरात निळं. एकाच खिळ्यावर ऑक्सिडीकरण इथे आणि क्षपण तिथे घडताना दिसतं. पाठ्यपुस्तकातली आकृती हे काम करू शकत नाही.

फसण्याची कारणं दोन. खिळे दुकानातून आलेले असतात, त्यांना तेल किंवा जस्ताचा मुलामा असतो. पॉलिशपेपरने घासून ॲसिटोनने पुसा. दुसरं, अगर फार गरम असताना ओतलं तर रंग पसरतो आणि सगळीच डिश निळसर होते. सुरक्षेचं एकच: फेरीसायनाइडमध्ये संहत आम्ल कधीही टाकायचं नाही, आणि ते तापवायचंही नाही. विषारी हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. म्हणून अगर उकळून झाल्यावरच ते मिसळायचं.

लिटमस

यातून मुलाम्यांचा मुद्दा सहज निघतो. जस्ताचा मुलामा असलेल्या बारवर ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. क्रोमचा मुलामा चकचकीत राहतो, पण ओरखड्यातून लोखंड उघडं पडलं की तिथे गंज आत शिरतो, क्रोम त्याच्यासाठी झिजत नाही. स्टेनलेस स्टीलमध्ये मुलामाच नाही. संमिश्रातल्याच क्रोमियमचा (किमान १०.५ टक्के) पातळ ऑक्साइड थर बनतो आणि ओरखडल्यावर हवेत पुन्हा तयार होतो. "गंज कसा टाळावा" या प्रश्नाची तीन उत्तरं एकाच वस्तूवर.

शंकासुर

स्नायूंकडे वळूया का? एटीपीतला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतला) बंध तुटतो आणि ऊर्जा मिळते, एवढं सांगून चालेल ना?

सममोल

नाही! शाळेतली ही सर्वात चिवट चूक आहे. बंध तोडायला नेहमी ऊर्जा लागते. मग ऊर्जा येते कुठून? एटीपीची पाण्याशी अभिक्रिया होते, एक फॉस्फेट सुटतो, नवे बंध बनतात आणि तयार झालेले पदार्थ आधीच्यापेक्षा जास्त स्थिर असतात. त्या फरकाची ऊर्जा मोकळी होते, प्रमाण स्थितीत मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल. "अभिक्रियेतून ऊर्जा मिळते" म्हणा, "बंध तुटून मिळते" म्हणू नका.

आकडे करून दाखवा. १०० किलोचा बार स्नॅचमध्ये (जमिनीवरून एका दमात डोक्यावर) समजा २ मीटर वर गेला. कार्य = १०० × ९.८ × २ = १९६० ज्यूल, म्हणजे जेमतेम २ किलोज्यूल. ग्लुकोजच्या पूर्ण ऑक्सिडीकरणातून मोलमागे सुमारे २८०५ किलोज्यूल, म्हणजे ग्रॅममागे १५.६. हिशोबाने ०.१३ ग्रॅम ग्लुकोज. स्नायूची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर अर्धा ग्रॅम. मुलांचा विश्वासच बसत नाही.

मग थकवा का येतो? कारण प्रश्न ऊर्जेच्या साठ्याचा नाही, वेगाचा आहे. बार जमिनीवरून डोक्यावर जायला मोजके सेकंद लागतात, तेवढ्यात ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण पुरवठ्याला पोचत नाही. स्नायूतला तयार एटीपी दोन-तीन सेकंदांत संपेल इतकाच असतो. तो भरून काढतं क्रिएटिन फॉस्फेट: आपला फॉस्फेट एडीपीला (एक फॉस्फेट गमावलेल्या एटीपीला) देऊन एटीपी परत बनवतं, क्रिएटिन कायनेज या विकराच्या मदतीने. उत्प्रेरकाचा पाठ इथे जोडा.

शंकासुर

आणि दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं म्हणजे लॅक्टिक आम्ल साचणं, बरोबर?

लिटमस

चूक. लॅक्टेट व्यायामानंतर साधारण तासाभरात रक्तातून निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायुतंतूंच्या सूक्ष्म इजेमुळे आणि त्यानंतरच्या दाहामुळे. शिवाय स्नायूचा सामू विश्रांतीत ७ च्या आसपास, जोरदार श्रमानंतर ६.५ पर्यंत उतरतो. त्या सामूला लॅक्टिक आम्ल जवळपास सगळं आयनरूपात असतं, त्याचा आम्लांक (pKa, ज्या सामूला निम्मं आम्ल आयनरूपात असतं) ३.८६ आहे.

बफर (आम्ल पडलं तरी सामू फारसा बदलू न देणारं द्रावण) दाखवायला: दोन चंचुपात्रांत प्रत्येकी १०० मिली पाणी, दोन्हींत वैश्विक दर्शक, एकात ०.५ ग्रॅम खायचा सोडा. दोन्हींत ०.१ मोलर लॅक्टिक किंवा ॲसेटिक आम्ल थेंबाथेंबाने. साधं पाणी काही थेंबांत तांबूस होतं. सोड्याच्या पात्रात ३० मिली आम्ल गेलं तरी रंग हिरव्या-पिवळ्याच्या आसपासच. त्यातून बारीक बुडबुडे निघतात, तोच कार्बन डायऑक्साइड लिफ्टर धापा टाकत बाहेर सोडतो.

पोलादी

लिफ्टच्या आधी काही लिफ्टर नाकाशी कुपी धरतात, तो अमोनिया. वर्गात नवसागर आणि विरी गेलेला चुना प्रत्येकी ०.१ ग्रॅम घड्याळकाचेवर घ्या, पाण्याचा एक थेंब टाका, वर दुसरी काच पालथी झाका. तिला आतून ओला तांबडा लिटमस चिकटवलेला असू द्या, तो निळा होतो. प्रमाण वाढवू नका, १ ग्रॅम नवसागरातून जवळपास ४५० मिली अमोनिया निघतो. मुलांनी हुंगून बघायचं नाही, कितीही आग्रह केला तरी.

शंकासुर

समस्थानिकांसाठी काही आहे का यात?

सममोल

उत्तेजक चाचणी. प्रयोगशाळेत बनवलेलं टेस्टोस्टेरॉन आणि शरीरातलं टेस्टोस्टेरॉन, रेणुसूत्र एकच, कुठल्याही रासायनिक कसोटीला फरक दिसत नाही. पण कृत्रिम रेणू बहुतेक वेळा सोयाबीनसारख्या वनस्पतींच्या स्टेरॉलपासून बनवतात आणि त्यात कार्बन-१३ चं (कार्बनच्या जड समस्थानिकाचं) प्रमाण किंचित कमी असतं. वस्तुमान वर्णपटमापकाने ते गुणोत्तर मोजतात. "समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखे" या वाक्याचा यापेक्षा चांगला उपयोग सापडणं अवघड.

निवळी

विद्राव्यतेसाठी क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्या. २० अंशांना १०० मिली पाण्यात सुमारे १.४ ग्रॅम विरघळतं, ५० अंशांना सुमारे ३.४. म्हणून ३ ग्रॅम ५० अंशांच्या पाण्यात पूर्ण विरघळवा, थंड करा, १.६ ग्रॅम स्फटिक अपेक्षित. प्रत्यक्षात कमी मिळतात, कारण द्रावण बराच वेळ अतिसंपृक्त (मावतं त्याहून जास्त विरघळवून धरलेलं) राहतं. काचेच्या कांडीने पात्राची आतली बाजू घासा किंवा एक स्फटिक टाका. जास्त उकळू नका, विशेषतः आम्लासोबत, क्रिएटिनिन बनतं. प्रयोगशाळेत आलेली पावडर परत डब्यात जात नाही आणि तोंडात तर नाहीच.

शंकासुर

शेवटचा प्रश्न. आठवड्याला एकच प्रयोग-तास असेल तर यातलं काय घ्यावं?

सममोल

०.३० ग्रॅमवाला वायूचा प्रयोग. वर्गाचे सहा गट करा, तीन गटांना साधं आम्ल, तीन गटांना आधी फसफसवून घेतलेलं. आकडे फळ्यावर शेजारी लिहा. ८५ का आलं नाही, यावर उरलेला तास जातो.

पोलादी

आणि खिळ्यांची डिश त्याच तासाच्या शेवटी ओतून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे. झाकण लावायला विसरू नका, अगर सुकलं की रंग सरकतात.